लाडवावरचा बेदाणा आणि पलंगाखालचा कुत्रा

दिवाळी जवळ आली की फटाक्यांचा वाद सुरू होतो. एक बाजू बंदीची मागणी करते, दुसरी परंपरेचा दाखला देते आणि दोन्ही बाजूंना मधूनच मुक्या जनावरांची आठवण होते. फटाक्यांचा आवाज घरातल्या कुत्र्या-मांजरांना छळतो हे खरेच आहे. पण या वादाच्या धुरात एक गोष्ट झाकली जाते. सणाच्या दिवसांत पाळीव प्राण्याच्या जिवावर बेतणाऱ्या कितीतरी गोष्टी रस्त्यावरून येत नाहीत. त्या फराळाच्या डब्यात, औषधांच्या खणात आणि फरशी पुसायच्या बादलीत असतात, आणि बहुतेक वेळा त्या प्राण्यापर्यंत पोहोचवणारा हात त्याच्यावर माया करणाऱ्याचाच असतो. समोरच्या इमारतीतल्या पोराने लावलेल्या सुतळी बॉम्बवर घरातल्यांचा ताबा नसतो. रव्याच्या लाडवावर टोचलेल्या बेदाण्यावर असतो.

या बेदाण्यापासूनच सुरुवात करायला हवी. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका खाल्ल्याने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे पशुवैद्यकांना दोन दशकांहून अधिक काळ माहीत आहे. कोडे होते ते वेगळेच. एखादा कुत्रा मूठभर बेदाणे खाऊन धडधाकट राहतो आणि दुसरा चार-पाच दाण्यांनी आजारी पडतो, असे का? २०२१ मध्ये अमेरिकेतील प्राण्यांच्या विषबाधा-सल्ला केंद्रातल्या पशुवैद्यकांनी यावर एक धागा मांडला. मुलांसाठी घरी मळलेली खेळण्याची कणीक खाऊन काही कुत्र्यांना अगदी बेदाण्यासारखीच विषबाधा झाली होती. त्या कणकेत बेकरीत वापरतात ते ‘क्रीम ऑफ टार्टर’ होते, म्हणजे टार्टरिक आम्लाचा क्षार. द्राक्षात हेच आम्ल असते, आणि जात, पिकण्याची अवस्था, हंगाम यांनुसार त्याचे प्रमाण बदलते. एकाला बाधते, दुसऱ्याला बाधत नाही, याचे उत्तर बहुधा इथेच आहे.

मराठी घरांनी कान टवकारावेत असा भाग याच्या पुढचा आहे. टार्टरिक आम्लाने समृद्ध असलेला आणखी एक पदार्थ म्हणजे चिंच. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाची हीच इजा नोंदली गेली आहे. म्हणजे रव्याचा लाडू, बेदाणे घातलेला चिवडा, सुक्यामेव्याचा भेट आलेला डबा यांच्या जोडीने चिंचेचा कोळ आणि भेळेची आंबटगोड चटणीही कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवायला हवी. किती खाल्ले तर चालेल, याचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही. उलट्या पहिल्या दिवसातच सुरू होतात, मूत्रपिंडाचे नुकसान पुढच्या एक-दोन दिवसांत उघड होते, आणि लघवी बंद झाल्यावर दवाखाना गाठला तर फारसे काही हाती राहत नाही. ‘काही झालेले दिसत नाही, सकाळी बघू’ हे वाक्य इथे सर्वांत महाग पडते.

चॉकलेटचे गणित तुलनेने सरळ आहे. त्यातले थिओब्रोमिन माणसाच्या शरीरातून लवकर निघून जाते, कुत्र्याच्या शरीरात मात्र ते निम्म्यावर यायलाच सतरा-अठरा तास लागतात. किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅमला अस्वस्थता आणि उलट्या सुरू होतात, ४० ते ६० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात आणि झटके येऊ शकतात. डार्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असते. त्यामुळे पाच किलोच्या पॉमेरियनने भेटीच्या खोक्यातले ५० ग्रॅम डार्क चॉकलेट फस्त केले, तर तो थेट धोक्याच्या पट्ट्यात जातो. तीस किलोच्या लॅब्रॅडोरला तेवढ्याने बहुधा फार काही होणार नाही. दुधाच्या चॉकलेटमध्ये हे प्रमाण निम्म्याहून कमी, पांढऱ्यात जवळपास नाहीच. कोको पावडर मात्र डार्क चॉकलेटच्याही कितीतरी पुढे.

मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या मिठाईचे वेष्टन एकदा वाचून घ्यावे. गोडव्यासाठी त्यात झायलिटॉल असेल, तर कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते. कांदा आणि लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतात. तळलेला कांदा किंवा भडंगातला कुरकुरीत लसूणही त्याला अपवाद नाही, आणि मांजर याबाबत कुत्र्यापेक्षा नाजूक असते. हा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून भाऊबीज उलटल्यावर मलूल झालेल्या मांजराचा संबंध चकलीबरोबरच्या लसणीच्या चटणीशी कोणी जोडत नाही. चकली, शेव, अनारसे यांत असे कोणतेही विष नाही. पण एरवी दोन पोळ्या आणि उकडलेली कोंबडी खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात एकाच दिवशी एवढे तळण गेले, तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ते दुखणे साधे नसते.

काही खाल्ल्याचे लक्षात आले की अनेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो. मिठाचे पाणी पाजायचे आणि उलटी करवायची. हा उपाय बंद व्हायला हवा. मिठाच्या पाण्याने रक्तातले सोडियम इतके चढते की मूळ पदार्थापेक्षा उपायानेच जनावर दगावू शकते. दूध, तूप, लिंबू यांपैकी काहीही उतारा नाही. उलटी करवायची की नाही, हे पशुवैद्यकाने ठरवायचे असते आणि त्यासाठी त्याच्याकडे वेळ लागतो. खाल्ल्यापासूनचे पहिले एक-दोन तास हाच तो वेळ. वेष्टन किंवा डबा सोबत न्यावा. कुत्रा काय खाऊन आला हे लाजेपोटी न सांगणारे मालकही असतात. त्यांनी निदान डॉक्टरांपुढे तरी संकोच बाळगू नये.

मांजराची दिवाळी मात्र फराळाच्या आधीच, साफसफाईच्या दिवसांत अवघड होते. घरोघर जी फिनाईलची बादली निघते, तिच्यातली फिनॉल वर्गातली रसायने शरीराबाहेर टाकण्याची यकृताची एक महत्त्वाची वाट मांजरात फारच अरुंद असते. कुत्रा आणि माणूस ज्या प्रमाणाला सहज पचवतात, ते मांजराला विष ठरते. त्यात मांजराची सवय आड येते. ते ओल्या फरशीवरून चालते आणि मग कोपऱ्यात बसून चारही पंजे चाटून स्वच्छ करते. तोंडाला लाळ, जिभेवर फोड, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली की अनेकांना वाटते, मांजराने पाल खाल्ली असावी. खरे तर फरशी पुसून झाल्यावर साध्या पाण्याचा एक हात फिरवला आणि वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवले, की प्रश्न बराचसा मिटतो. पंजे भिजलेच तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवून पुसावेत.

यकृताची हीच अरुंद वाट पॅरासिटामॉलच्या बाबतीत जीवघेणी ठरते. मांजर गरम लागते, सुस्त आहे, सणामुळे डॉक्टर भेटत नाहीत, म्हणून घरातली गोळी पाव तुकडा करून दुधातून द्यायची, हा प्रेमाचाच प्रकार असतो. पण ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते आणि पाव गोळीही सुरक्षित नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. या विषबाधेवर उतारा आहे, पण तो तासांच्या हिशेबात द्यावा लागतो. कुत्र्याला आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी दिल्यास जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडावरही घाला येतो. थोडक्यात, माणसांच्या औषधांचा खण या दिवसांत बंदच बरा.

कपाटे रिकामी करताना घरंगळलेल्या डांबरगोळ्या आणि माळ्यावर ठेवलेली उंदराच्या औषधाची वडी यांचाही हिशेब ठेवावा लागतो. बाजारात मिळणारी बरीच उंदीरनाशके रक्त गोठू देत नाहीत. त्यांचा परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसतो. साफसफाईत खाल्लेले औषध ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नाकातून रक्त येऊन उघड होते, ते असे. आणि सुक्यामेव्याच्या डब्याबरोबर कोणी मोठ्या सुवासिक लिलीचा गुच्छ पाठवला, तर मांजर असलेल्या घराने तो आनंदाने शेजाऱ्यांना द्यावा. लिलीचे पान, पाकळी, अगदी अंगावर सांडलेला पराग चाटला तरी मांजराचे मूत्रपिंड बंद पडू शकते.

आता आवाजाकडे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत आणि मांजराला ६० हजारांच्याही पुढे. पण तीक्ष्ण कान हे अर्धेच कारण आहे. वात पेटवणाऱ्या मुलाला पुढच्या क्षणी आवाज होणार हे ठाऊक असते, म्हणून तो कानांवर हात ठेवतो आणि मजा घेतो. सोफ्याजवळ झोपलेल्या कुत्र्याला मात्र कोणतीही पूर्वसूचना नसते. आवाज कुठून आला, पुन्हा कधी येणार, पळावे तर कोणत्या दिशेला, यातले काहीच त्याला कळत नाही. हे अनिश्चित भय तासन्तास चालते. शासनाच्या नियमानुसार फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्याला मनाई आहे. ही मर्यादा माणसाच्या कानाचा विचार करून आखलेली आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेच्या सहभागातून तयार झालेल्या हरित फटाक्यांनी धुरातले कण सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यांचा आवाज याच मर्यादेच्या आसपास असतो. पलंगाखालच्या कुत्र्याच्या लेखी तो फटाका हिरवा की लाल, याने काही फरक पडत नाही.

भय ओळखण्यातही गफलत होते. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मालकांनी आपला कुत्रा आवाजाला घाबरतो असे सांगितले. मात्र लक्षणे एकेक करून विचारली, तेव्हा जवळपास निम्म्या कुत्र्यांत भीतीचे निदान एक तरी लक्षण आढळले. भुंकणारा, दार खरवडणारा कुत्रा सर्वांना दिसतो. पण थंडीतही धापा टाकणारा, पुन्हा पुन्हा जांभया देणारा, ओठ चाटणारा, खाणे सोडणारा, मालकाच्या पायाला चिकटून न हलणारा कुत्रा ‘आमचा अगदी शांत असतो हो’ या वाक्यात हरवून जातो. मांजर तर कपाटामागे जाऊन बसते आणि ते घाबरले आहे, हे घराच्या गावीही नसते.

आणखी एक समज घट्ट आहे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले, गोंजारले, तर त्याची भीती आणखी पक्की होते, म्हणून दुर्लक्ष करावे. भीती ही सवय नव्हे, भावना आहे, आणि गोंजारण्याने ती वाढत नाही. जवळ आला तर त्याला निवांतपणे कुशीत घ्यावे, लपून बसला तर ओढून काढू नये. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांच्या मालकांकडून जमवलेली माहिती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. फटाका वाजला की लगेच आवडीचा खाऊ द्यायचा किंवा खेळायला घ्यायचे, या साध्या उपायाचा फायदा झाल्याचे ७० टक्क्यांहून अधिक वापरकर्त्यांनी सांगितले. होमिओपॅथी, फुलांचे अर्क, सुगंधी तेले वगैरेंचा गुण एक तृतीयांशाच्या आसपासच राहिला. नुसत्या मन:समाधानानेही तेवढा फरक जाणवतो. मालकांनी स्वतः सांगितलेली ही माहिती आहे, प्रयोगशाळेतले मोजमाप नाही. तरी उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे आणि बाटलीभर महागडे अर्क यांतून निवड करायची असेल, तर ती कठीण नाही. मात्र ज्याची भीती एवढी टोकाची आहे की तो खाऊकडे बघतही नाही, त्याला या उपायाच्या भरवशावर ठेवू नये.

अशा कुत्र्यांसाठी पशुवैद्यकांकडे आता चांगली औषधे आहेत, जी भीतीच कमी करतात. पूर्वी सर्रास दिली जाणारी ॲसेप्रोमॅझिनची गोळी त्यातली नव्हे. तिने शरीर गळून पडते, पण भय तसेच राहू शकते. बाहेरून झोपलेला दिसणारा कुत्रा आतून सगळे ऐकत असतो आणि उठून लपूही शकत नाही. ‘झोपेची गोळी द्या’ असे सांगत दवाखान्यात जाण्याऐवजी ‘हा फटाक्यांना घाबरतो’ एवढेच सांगावे आणि औषध डॉक्टरांना ठरवू द्यावे. शक्य तर सणाच्या आधी एक शांत दिवस पाहून त्या औषधाची चाचणी घ्यावी. घरातल्या कोणाची तरी चिंतेवरची गोळी अंदाजाने देण्याचा प्रकार तर नकोच.

घरात आतली खोली ठरवावी. जिला खिडक्या कमी, पडदे जाड, आणि जिथे पंखा, टीव्ही किंवा एखादे संथ गाणे सुरू ठेवता येईल अशी. कुत्र्याचे अंथरूण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्हे, आठवडाभर आधी तिथे हलवावे, म्हणजे ती जागा त्याला शिक्षेची वाटणार नाही. फिरवणे आणि जेवण दिवेलागणीच्या आत उरकावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे ती कितपत पाळली जाते, हे सांगायला नको. त्यामुळे पट्टा सहा दिवस एकदाही सोडू नये. सर्वांत मोठी फट म्हणजे घराचे दार. पाहुण्यांची वर्दळ, दारातली रांगोळी, पणत्या लावणारी मुले यांमुळे ते सतत उघडे असते, आणि एका धमाक्यात बिथरलेला कुत्रा जिना उतरून रस्त्यावर जातो. गळपट्ट्यावर मालकाचा मोबाइल क्रमांक असलेला कुत्रा सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

भेदरलेला कुत्रा चावूही शकतो, तोच कुत्रा, ज्याने आयुष्यात कधी दात दाखवलेला नसतो. पाहुण्यांच्या लहान मुलांना त्याच्या लपण्याच्या जागेपासून लांब ठेवावे. चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही भरू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. घरचाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे, हे डॉक्टरांना सांगावे. जायचे टाळण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे हाल आवाजापेक्षा धुराने होतात. त्यांची श्वसनव्यवस्था हवेतला प्राणवायू अत्यंत कार्यक्षमतेने शोषते, आणि विषारी वायूही. आवाज नाही म्हणून मुलांना गॅलरीत हमखास लावू दिली जाणारी नागगोळी घ्या. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सूक्ष्म कण सर्वाधिक आढळले ते या नागगोळीतच. गॅलरीत टांगलेला लव्हबर्ड्सचा पिंजरा त्या दिवसांत आत न्यावा, मात्र स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक कढई रिकामी तापली तर तिच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतात. पणतीवरून शेपूट फिरवणारे मांजर आणि विजेच्या माळा चावणारे पिल्लू यांच्यावर डोळा ठेवण्याला पर्याय नाही. भाजले तर फक्त गार वाहते पाणी, बर्फ किंवा टूथपेस्ट नको. विजेचा धक्का बसलेले पिल्लू ठीक वाटले तरी त्याच्या फुप्फुसांत काही तासांनी पाणी होऊ शकते, म्हणून त्याला दाखवलेच पाहिजे.

वसुबारसेला ज्या गाईची पूजा होते, तिची गोष्ट तर वेगळीच. शहरात एका गाईच्या वाट्याला शंभर घरांचा नैवेद्य येतो. पुरण, पोळी, भात, गूळ असे पिठूळ-गोड अन्न एकदम पोटात गेले की कोटीपोटातले सूक्ष्मजीव त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. पोट थांबते, गाय बसते, काही वेळा उठत नाही. पुण्य प्रत्येकीच्या पदरात एका घासाचे पडते, अपचन मात्र सगळे मिळून एकटीला. हिरव्या चाऱ्याची पेंढी नेली तर गाईची तक्रार नसेल.

या सगळ्यात घरांनी करायचे बरेच आहे, पण सगळे त्यांच्यावर ढकलता येणार नाही. अमावास्या, पाडवा, भाऊबीज या दिवसांत खासगी पशुवैद्यकांचे दवाखाने बंद असतात. त्यांनाही सण असतो, हे मान्य. मुंबईत परळला मोठे पशुरुग्णालय आहे, पुण्या-नागपुरात थोडीफार सोय होते. तालुक्याच्या गावात मात्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची रचना गाई-म्हशींसाठी असते आणि रात्री दहा वाजता बेदाणे खाल्लेल्या कुत्र्याला घेऊन जायचे कुठे, याचे उत्तर नसते. शहरातल्या पशुवैद्यकांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या आणि नगरपालिकेने ती यादी वसुबारसेपूर्वी जाहीर केली, तर त्याला ना कायदा लागतो ना निधी. गृहनिर्माण संस्थांनी फटाक्यांसाठी आवारातली एकच जागा आणि वेळ ठरवून फलकावर लिहावी. भटक्या कुत्र्यांना त्या रात्री पार्किंगमधून हुसकू नये, एवढी सूचना पहारेकऱ्याला द्यायलाही हरकत नाही.

पशुवैद्यकाचा क्रमांक, तो नसेल तर दुसऱ्याचा, आणि घरातल्या प्राण्याचे वजन एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावे. विषबाधेचा अंदाज आणि औषधाची मात्रा दोन्ही किलोवर ठरतात, आणि फोनवर डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. वजन करणे सोपे आहे. आधी काट्यावर एकट्याने उभे राहायचे, मग प्राण्याला उचलून, आणि वजाबाकी करायची. लॅब्रॅडोर असेल तर दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी आणि हे काम वसुबारसेच्या आत उरकावे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेआठ वाजता तो पलंगाखालून बाहेर यायचा नाही.